मोकाशी आणि मेलेला रस्ता

मोकाशींना तुम्ही नुसतं "आज फार गरम आहे हो" म्हणून पाहा. ते चष्म्यावरून तुमच्याकडे बघतील आणि विचारतील, "कुणी सांगितलं?"

अहो, कुणी सांगायला कशाला हवं? मे महिना आहे, घामाच्या धारा लागल्यात, डांबर चपलेला चिकटतंय! पण नाही. तुम्ही "मलाच होतंय गरम" म्हणालात तर ठीक, "मग एक" म्हणून ते मान हलवतील. "ऑफिसातला सक्सेना म्हणत होता" असं म्हणालात की मेलात. "मतलब तुमच्याकडे दोन झालं. आणि सक्सेनाला कुणी सांगितलं?" एक म्हणजे स्वतः पाहिलेलं, दोन म्हणजे पाहणाऱ्याकडून ऐकलेलं, तीन म्हणजे ऐकणाऱ्याकडून ऐकलेलं. ऑफिसात आलेल्या प्रत्येक बातमीवर मोकाशी असा आकडा टाकत. माझ्या नणंदेला मुलगा झाला तेव्हा मी पेढे घेऊन गेले, तर हा माणूस पेढा हातात धरून विचारतो, "बघून आलात, की फोनवर?" फोनवर म्हटल्यावर "दोन" म्हणाले आणि पेढा तोंडात टाकला. मला तो पेढा परत काढून घ्यावासा वाटला होता.

इंदुरात एकीकडे कापडाच्या मिलांना कुलपं लागत होती आणि दुसरीकडे पलासियावर इंटरनेटचे बोर्ड लागत होते, त्या दिवसांतली ही गोष्ट. आमची कंपनी लोकांना घरोघरी टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट द्यायची. तिसऱ्या मजल्यावर ऑफिस, खाली चहावाला, पहिल्या मजल्यावर कॉम्प्युटरचे क्लास. मशीनच्या खोलीत आम्ही तिघं. मी, सक्सेना नावाचा तरतरीत पोरगा, आणि श्रीधर मोकाशी, वय एकोणपन्नास.

मोकाशी आधी मिलमध्ये टेलिफोनच्या बोर्डावर होते. वीस वर्षं तिथे बसून याची तार त्याला जोडायची. मिल बंद पडली, तेव्हा मिलच्या दुकानातून त्यांनी बिस्किटी रंगाचा अख्खा तागा उचलला आणि त्याचे शर्ट शिवले. म्हणून रोज तोच शर्ट घातल्यासारखा वाटे. मग या वयात, पोराटोरांच्या मध्ये बसून, कॉम्प्युटर शिकले. "काम तेच आहे, ताई," ते मला म्हणत. "आधी मी जोडत होतो, आता राउटर जोडतो. फरक एवढाच, की राउटरला पगार नाही."

राउटर म्हणजे काय ते सांगायला हवं. इंटरनेटच्या चौकाचौकात बसलेली ही पेटी. आलेला निरोप पुढे कुठल्या रस्त्यानं धाडायचा ते ठरवते. मी एकदा म्हटलं, म्हणजे चौकातला हवालदार. मोकाशींना ते अजिबात पटलं नाही. "हवालदाराला कुणी रस्ता विचारतं का? चौकातला पानवाला म्हणा. त्याला सगळं माहीत असतं, आणि त्यातलं निम्मं त्याला शेजारच्या चौकातल्या पानवाल्यानं सांगितलेलं असतं." राउटर असेच एकमेकांना रस्ते सांगत असतात. शेजारचा म्हणतो, महू गाव माझ्यापासून दोन चौक. की हा म्हणतो, मग माझ्यापासून तीन. एक, दोन, तीनचं ते वेड मोकाशींनी तिथूनच उचललं होतं. निदान मी तरी तसंच समजत होते.

त्या वर्षी मुंबईच्या एका मोठ्या कंपनीनं आम्हाला विकत घेतलं आणि आठ दिवसांत चिठ्ठी आली. मशीनच्या खोलीतल्या प्रत्येकाची रस्ते ठरवण्याच्या पद्धतींवर, म्हणजे राउटिंगवर, परीक्षा होईल. पंधरा दिवसांनी. मुंबईहून साहेब येईल, पास होईल तो राहील, बाकीच्यांना नमस्कार.

मी चिठ्ठी दोनदा वाचली. कोर्स मी लग्नाआधी केला होता. त्यानंतर पाच वर्षं फोनवर "मोडेमचा हिरवा दिवा लागलाय का?" एवढंच विचारत होते. राउटिंगचं सगळं विसरले होते, सगळं. तरी खरं सांगते, माझी नोकरी गेली असती तर घरची चूल विझणार नव्हती. नवरा बँकेत. सक्सेना चोवीस वर्षांचा, आज इथे उद्या बंगलोर. पण मोकाशी? पन्नाशीच्या माणसाला तेव्हा इंदुरात कोण ठेवणार होतं? मिलमधून आलेली त्यांच्या बरोबरीची माणसं सियागंजच्या बाजारात हमाल्या करत होती, नाहीतर रिक्षा चालवत होती.

चिठ्ठी वाचून मोकाशींनी ती घडी घालून खिशात ठेवली. "दुसऱ्यांदा बेकार व्हायचं त्राण नाही माझ्यात, ताई," एवढंच म्हणाले. "घरी बाबा आहेत." आणि लगेच विचारलं, "तुमचं कुठवर आठवतंय?"

"काही म्हणजे काही आठवत नाही."

"हे एक झालं," ते खूश होऊन म्हणाले. "स्वतःचं स्वतः पाहिलेलं. उद्या साडेनऊला या."

दुसऱ्या दिवशी टेबलावर त्यांनी आपला खजिना मांडला. काय काय होतं त्यात! अमेरिकन जाडजूड पुस्तकाची झेरॉक्स, तीन हप्त्यांत काढलेली, म्हणून तीन वेगवेगळ्या रंगांच्या कागदांवर, आणि वरून त्याच बिस्किटी कापडाची बांधणी. इंटरनेटवरून उतरवलेल्या प्रश्नोत्तरांचा न फाडलेला लांबलचक कागद, जो उलगडला की दारापर्यंत जायचा. मल्हारगंजातल्या भंगारवाल्याकडून आणलेले दोन जुने राउटर, त्यातला एक सुरू करताना थाप मारावी लागे. आणि सगळ्यांत वर मिलचं कोरं राहिलेलं हजेरीचं रजिस्टर. नावाच्या रकान्यात राउटरला द्यायचा हुकूम, हजेरीच्या रकान्यात तो काय करतो, आणि शेऱ्याच्या रकान्यात मोकाशींचं मत. राउटरला ठाऊक असलेले सगळे रस्ते एका फटक्यात पुसून टाकणारा एक हुकूम असतो. त्याच्यापुढे लाल पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'घाई असेल तर. (घाई असू नये.)'

"पुस्तकं ठीक आहेत," ते म्हणाले. "पण डोक्यात बसत नाही तोवर पायानं शिकावं. चला खाली."

खाली पार्किंगमध्ये त्यांनी आम्हाला रांगेत उभं केलं. गेटाशी चहावाला कैलास, मग सक्सेना, मग मी. प्रत्येकानं फक्त शेजाऱ्याशी बोलायचं. कैलासला महूचा रस्ता ठाऊक, म्हणून कैलास म्हणाला, "महू एक." सक्सेना माझ्याकडे वळून म्हणाला, "महू दो." मी म्हटलं, "तीन." येणारेजाणारे थांबून बघायला लागले. भर पलासियावर, साडीचा पदर खोचून, मी "महू तीन, महू तीन" ओरडतेय! ओळखीचं कुणी दिसू नये म्हणून देवाचा धावा करत होते.

"आता कैलास मेला," मोकाशींनी जाहीर केलं.

"अरे भिया, सुबह सुबह!" कैलास म्हणाला (इंदुरात भैयाचा भिया होतो), पण गिऱ्हाईक आलं होतं, तो खुशीनं गेला.

"सक्सेना, तुझा रस्ता गेला. आता कुणाला विचारशील?"

सक्सेनानं माझ्याकडे पाहिलं. मी आपली भोळेपणानं म्हटलं, "मला माहितेय की! महू तीन."

"तो मेरे से चार," सक्सेना म्हणाला.

"मग माझ्यापासून पाच."

"मेरे से छह!"

सात, आठ, नऊ. बाराला पोचेपर्यंत माझ्या ध्यानात आलं आणि मी हसत सुटले. मला महू सक्सेनानंच सांगितलं होतं, आणि आता मी तेच त्याला परत विकत होते! कैलास तर तिकडे चहा गाळत होता. रस्ता कुणाकडेच नव्हता, आणि आम्ही दोघं एकमेकांच्या भरवशावर आकडे वाढवत बसलो होतो. सक्सेना पोट धरून हसत होता.

मोकाशी हसत नव्हते. "पंधरापर्यंत बोलायचं," ते म्हणाले. "सोळा झालं की गप्प. या पद्धतीत सोळा म्हणजे रस्ता नाही. आणि दुसरी गोष्ट, ज्यानं सांगितलं त्यालाच ती बातमी उलट सांगायची नाही. एवढं पाळलं की राउटर वेडा होत नाही."

मी आजवर जे काही शिकले त्यात हे एवढं पक्कं बसलंय, की झोपेतून उठवून विचारा.

आठवडाभर आमची अशी तालीम चालली. भंगारातल्या राउटरवर ते मुद्दाम काहीतरी बिघडवून ठेवत आणि मला शोधायला लावत. मी दिसेल तिथे बोट घालायला गेले की टेबलावर पट्टी आपटत. "घाई नको! आधी बघा, ही खोटी बातमी निघाली कुठून. तिथे बंद करा. मग थांबा. जुना रस्ता मरू द्या. तो आपला आपण मेला की खरा रस्ता आपोआप बसतो." एक मेलेला रस्ता राउटरच्या डोक्यातून जायला चार मिनिटं घेतो. मोकाशी ती चार मिनिटं हात मागे बांधून उभे राहत, आणि मलाही उभं करत.

मग नववा दिवस उजाडला आणि सक्सेना धावत आला. "मॅडम, एक्झाम कॅन्सल! किसी को नहीं निकालेंगे!"

काय हायसं वाटलं म्हणून सांगू! मी पुस्तक मिटलं, घरी गेले, दोन दिवस आंब्याचा रस काढून सगळ्यांना खाऊ घातला. मोकाशी त्या दोन दिवसांत बाबांच्या औषधपाण्यासाठी सुट्टीवर होते. तिसऱ्या दिवशी आले, मला रिकामी बसलेली बघितलं, आणि कारण ऐकून पांढरेफटक पडले.

"कुणी सांगितलं?"

"सक्सेनानं."

त्यांनी सक्सेनाला कॉलर धरून आणलं म्हटलं तरी चालेल. "तुला?" "कैलास ने." आम्हा दोघांना घेऊन ते तरातरा जिना उतरले. कैलास घाबरून म्हणाला, "मेरे को तो मॅडम ने बोला था!"

"मी? मी कधी?"

मग आठवलं. चहा पिताना मी कपाळाला हात लावून म्हटलं होतं, "परीक्षा रद्द झाली तर सुटेन बाई." कैलासनं ते सक्सेनाला सांगताना 'रद्द होणार म्हणतायत' केलं, सक्सेनानं वर येऊन 'कॅन्सल' केलं, आणि माझीच बातमी मी खरी मानून दोन दिवस रस काढत बसले होते. चारच दिवस उरले होते.

मला वाटलं आता पट्टी डोक्यात बसणार. पण मोकाशी कैलासच्या बाकड्यावर बसले. कैलासनं पुढे केलेला चहा घेतला. "मिलला कुलूप लागलं, तेव्हा सगळे माझ्याकडे यायचे," ते हळू आवाजात म्हणाले. "मी फोनवर होतो ना! एक दिवस मुंबईहून फोन आला, साहेब लोक बोलणी करतायत. मी एवढंच सांगितलं, की बोलणी चालू आहेत. खरं होतं ते, त्या दिवशी. आठ दिवसांनी परदेशीपुऱ्यातला एक कामगार मलाच येऊन सांगतो, मोकाशीजी, दिवाळीला उघडतेय, पक्कं! आणि ताई, मी ते मानलं. माझीच बातमी फिरून आली, आणि मी घरी जाऊन बाबांना पेढा दिला. बाबाही मिलमध्येच होते, विणाई खात्यात." चहा त्यांनी तसाच ठेवला. "कितीतरी लोकांनी त्या भरवशावर दुसरी कामं सोडली. एक दिवाळी, दुसरी दिवाळी. राउटरला सोळा असतं. आम्हाला नव्हतं."

सक्सेनानं गुपचूप वर जाऊन पुस्तक उघडलं.

परीक्षेला मुंबईहून आलेला साहेब म्हणजे सव्वीस-सत्तावीसचा पोरगा, इंदूरच्या उन्हात कोट घालून आलेला. टेबलावर चार राउटर. एका पत्त्यावर निरोप पोचत नाही, अर्ध्या तासात पोचवून दाखवा. एकेकानं आत जायचं, बाकीच्यांनी काचेबाहेर थांबायचं.

सक्सेना दहा मिनिटांत बाहेर आला. माझ्या कानात कुजबुजला, "मॅडम, ढूँढने मत बैठना. हाथ से रास्ता लिख दो." म्हणजे राउटरला दटावून सांगायचं, शेजाऱ्यांचं ऐकू नकोस, इकडूनच जा. मोकाशींच्या रजिस्टरात या उपायापुढे 'जबरदस्ती' असा शेरा होता. मी आत गेले. मोकाशींनी शिकवल्याप्रमाणे खोटी बातमी शोधायला सुरुवात केली, सहा मिनिटं झाली, काही सापडेना, आणि माझा धीर सुटला. हातानं रस्ता लिहून टाकला. निरोप पोचला. साहेबानं खूण केली.

बाहेर येऊन मोकाशींच्या नजरेला नजर देता येईना. त्यांनी विचारलंही नाही. बिस्किटी शर्टाच्या बाह्या नीट केल्या आणि रजिस्टर काखेत मारून आत गेले.

पुढचा अर्धा तास मी काचेला नाक लावून काढला. मोकाशी टेबलाभोवती फिरले. एकेका राउटरपाशी बसून, तुला कुणी सांगितलं, तुला कुणी सांगितलं, असं तपासत, रजिस्टरात लिहीत गेले. पंधरा मिनिटं. वीस. सक्सेना नखं खायला लागला. सव्विसाव्या मिनिटाला मोकाशी ताठ उभे राहिले. सापडलं होतं! आम्हा दोघांना जे दिसलंच नव्हतं ते त्यांना सापडलं होतं. दोन राउटर एका तुटलेल्या तारेचा रस्ता एकमेकांना विकत बसले होते. त्यांनी ते तिथल्या तिथे बंद केलं, आणि हात मागे बांधून थांबले.

मी घड्याळ बघितलं. साडेतीन मिनिटं उरली होती. चार मिनिटं जुना रस्ता मरायला, मग नवीन चारही राउटरपर्यंत पोचायचा. जमणार नव्हतं. "पुसून टाका हो," मी काचेबाहेर पुटपुटले. "एकच हुकूम. तुमच्याच रजिस्टरात आहे. आता घाई आहे, मोकाशी, आता घाई आहे!" काचेवर टकटक करावी असं मनात आलं. सक्सेनानं माझा हात धरला. टकटक केली तर परीक्षाच बाद.

आत तो कोटवाला पोरगा घड्याळाकडे बघत होता. मोकाशी राउटरकडे. इतक्या शांतपणे उभे होते की मला त्यांचा राग आला, खरंच सांगते, संताप आला. एवढं सगळं पणाला लावून माणूस असा उभा कसा राहतो?

"टाइम, मिस्टर मोकाशी."

"एक मिनट, सर," मोकाशी मागे न बघता म्हणाले. "मर रहा है."

पोरानं फाइल मिटली आणि तो निघून गेला. त्यानंतर साधारण एका मिनिटानं पडद्यावर निरोप पोचल्याची ओळ उमटली. "आ गया," मोकाशी म्हणाले. खोलीत तेव्हा ते एकटेच होते.

बाबांच्या औषधाची वेळ झाली म्हणून ते निकालाला थांबले नाहीत. पाच वाजता आमच्या मॅनेजरांनी, गुप्ताजींनी, मला बोलावलं. सक्सेना पास, मी पास. मोकाशी नाही. मी तोंडाला येईल ते बोलले. म्हटलं, खरी दुरुस्ती त्या एकट्या माणसानं केलीय, आम्ही दोघांनी नुसती मलमपट्टी केली. गुप्ताजी खिडकीबाहेर बघत राहिले. "मेरे हाथ में कुछ नहीं है," म्हणाले. "आप ही बता दो उनको. आपके मराठी हैं." जसं काही मराठीत नोकरी गेली की कमी दुखतं!

मोपेड काढली आणि मल्हारगंजला गेले. मोकाशींच्या घरी याआधी कधी गेले नव्हते. अरुंद गल्ली, खाली मसाल्याचं दुकान, वर दोन खोल्या. कसं सांगायचं याची वाक्यं वाटेत जुळवली होती, ती जिना चढताना सगळी गळून गेली. दार उघडंच होतं. खिडकीशी खाटेवर एक ऐंशीच्या घरातले म्हातारे बसले होते, पाय पांघरुणात.

"कोण? जोरात बोला, मला कमी ऐकू येतं."

"मी वैशाली. श्रीधररावांच्या ऑफिसातली."

म्हाताऱ्यांचा चेहरा असा फुलला की काय सांगू. "या, या! मिलच्या ऑफिसातल्या ना तुम्ही? श्री सांगतो तुमच्याबद्दल. पलासियाला नेलं ना ऑफिस, मिल उघडेपर्यंत? आणि टेलिफोनचा बोर्डही तिकडेच. बरं केलं. मिलमध्ये धूळ फार."

"नाही काका, आमची तर—" मी बोलायला गेले आणि स्वयंपाकघराच्या दारात मोकाशी दिसले. हातात औषधाचा चमचा. ज्या माणसानं मला पंधरा दिवस 'कुणी सांगितलं' विचारून हैराण केलं, तो माणूस तोंडातून अवाक्षर न काढता माझ्याकडे बघत होता. इतका घाबरलेला माणूस मी त्या अख्ख्या परीक्षेत पाहिला नव्हता. मला सगळं एकदम कळलं. मिल बंद झाल्यापासून रोज साडेनऊला हा डबा घेऊन निघायचा, तो बाबांच्या लेखी मिलच्याच ऑफिसात जात होता. रोज संध्याकाळी येऊन खोटा रस्ता सांगत होता.

"काय म्हणतायत मग ऑफिसात?" बाबांनी विचारलं. "उघडतेय का? हा आपला रोज म्हणतो बोलणी चालू आहेत. हा माझा मुलगा, मला बरं वाटावं म्हणूनही सांगेल. तुम्ही सांगा. तुम्ही बाहेरच्या."

मी म्हटलं, "चालू आहेत, काका. मी स्वतः ऐकलंय."

त्यांनी डोळे मिटून मान हलवली. मग माझा हात धरून जवळ ओढलं आणि त्यांना वाटलं त्या हळू आवाजात, म्हणजे चांगलं मोठ्यानं, विचारलं, "आणि याचं? चार दिवस जेवत नाहीये नीट. याला तर काढणार नाहीत ना?"

चमचा मोकाशींच्या हातात होता. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. हिंमतच नव्हती. "छे हो, काका," मी म्हटलं. "ऑफिसात त्यांच्याएवढं काम कुणालाच येत नाही. त्यांना कोण काढतंय!"

"बघ!" बाबा दाराकडे बघून ओरडले. "उगाच जीव जाळतोस!"

"हो बाबा," मोकाशी म्हणाले. पुढे होऊन त्यांनी औषध पाजलं, ओठ पुसले, उशी सारखी केली. हात बिलकूल हलला नाही.

जिन्यात मला रडू फुटलं. तेच मला म्हणाले, "राहू द्या, ताई. मला कळलं. तुम्ही त्यांच्याकडे बघत बोललात, माझ्याकडे नाही."

"का नाही पुसलंत तुम्ही? एक हुकूम होता!"

"हात गेला होता तिथवर," ते म्हणाले. "पण म्हटलं, एकदा तरी खोटा रस्ता नीट मरू द्यावा. घरी नाही जमत मला." मग म्हणाले, "उद्या साडेनऊला निघेनच मी. डबा घेऊन. बसायला कुठेतरी जागा बघतो."

ऑफिसच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर कॉम्प्युटरचे क्लास होते, तिथल्या मालकाला मी ओळखत होते. राउटिंग शिकवणारं त्याच्याकडे कुणी नव्हतं. पण मी एवढंच म्हटलं, "सकाळी क्लासवाल्याला विचारते. हो म्हणेल की नाही, ठाऊक नाही. तो काय म्हणाला ते जसंच्या तसं येऊन सांगेन."

"तेवढं पुरे," मोकाशी म्हणाले.

वरून बाबांचा आवाज आला, "श्री, बाईंना नीट पोचव रे!" म्हातारे खिडकीत वाकले होते. गल्लीत हातगाड्या, सायकली, संध्याकाळची गर्दी, मोपेड निघायला जागा नाही. मोकाशी माझ्या पुढे झाले. एवढ्या वर्षांत मी त्यांचा आवाज कधी चढलेला ऐकला नव्हता. दोन्ही हात पसरून, वरच्या खिडकीपर्यंत जाईल अशा आवाजात ते ओरडत चालले, "बाजू भिया, बाजू! मिल की मॅडम हैं! हेड ऑफिस से आई हैं!"

मसालेवाल्यानं पोती मागे ओढली, हातगाडीवाल्यानं गाडी वळवली. गल्लीतला एकही माणूस हसला नाही.